सांडपाण्याची वाटणी कोणत्या न्यायाने?

कल्याणहून अंबरनाथकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडीजवळ आली, की दारात उभा असलेला प्रवासी सवयीने नाकाला रुमाल लावतो. हा दर्प वालधुनी नदीचा. अंबरनाथजवळच्या काकोळे परिसरातील डोंगरात उगम पावणारी ही छोटी नदी इ. स. १०६० मधील शिलाहारकालीन शिवमंदिराच्या कडेने वाहते, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या खाडीला मिळते. उगमाजवळ जिला नदी म्हणावे, तिलाच खाली येईपर्यंत लोक 'नाला' म्हणू लागतात. प्रवास अवघ्या काही कोसांचा. परंतु तेवढ्यात औद्योगिक वसाहती, नगरपालिका, महापालिका, झोपडवस्त्या आणि अनधिकृत कारखाने असे अनेक वाटेकरी तिच्या पात्रात आपापले सांडपाणी सोडून जातात.

या परिस्थितीला जबाबदार कोण, असे विचारले तर उत्तरे ठरलेली आहेत. उद्योजक म्हणतात, शहरांचे मैलापाणी प्रक्रियेविना नदीत येते, त्यापुढे आमचे पाणी ते किती? पालिका म्हणतात, मैल्याने नदी मरत नाही, ती रसायनांनी मरते. मोठे कारखाने लहानांकडे बोट दाखवितात, तर लहान कारखानदार रात्री टँकर रिकामे करून जाणाऱ्यांकडे. गंमत अशी, की यातील प्रत्येकाच्या म्हणण्यात काही ना काही तथ्य आहे. आणि सर्वांचेच थोडे खरे असल्यामुळे कोणीही आपला वाटा स्वीकारत नाही. तेव्हा दोष कोणाचा, या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा. नदी एकूण किती घाण सोसू शकते आणि त्या सोसण्यातील किती हिस्सा कोणाला द्यायचा? पर्यावरणशास्त्रात या विषयाला प्रदूषणभाराचे वाटप म्हणतात. जगात गेली साठ वर्षे त्याच्या निरनिराळ्या पद्धती वापरल्या जात आहेत. आपल्या कायद्यातही त्याचे बीज आहे. ते रुजले मात्र नाही.

लिटरचा हिशेब आणि नदीचा हिशेब

आपल्याकडे सांडपाण्याची मर्यादा सर्वसाधारणपणे लिटरमागे ठरविली जाते. पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे ज्याला सारे जण बीओडी म्हणतात ती, लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. बीओडी हे सेंद्रिय घाणीचे माप आहे. पाण्यातील जिवाणू ही घाण खातात आणि ती पचविताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू कमी. आणि प्राणवायू संपला की मासे मरतात, पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते. विठ्ठलवाडीला येणारा दर्प हा बऱ्याच अंशी प्राणवायू संपल्याचा दर्प आहे.

लिटरमागे मर्यादा घालण्याची ही पद्धत तपासायला सोपी आहे. एक बाटलीभर नमुना घेतला की काम भागते. परंतु तिच्यात मोठी उणीव आहे. एका कारखान्याने दिवसाला १ लाख लिटर पाणी ३० मिलिग्रॅमने सोडले तर नदीत ३ किलो भार येतो. असे शंभर कारखाने असले तर तो ३०० किलो होतो. प्रत्येक जण नियमात आहे, कोणावरही कारवाई होऊ शकत नाही आणि तरीही नदी मरते. शिवाय अधिक स्वच्छ पाणी मिसळून सांडपाणी पातळ केले, की बाटलीतील आकडा उतरतो; नदीत जाणारी घाण तितकीच राहते. बाटली आपल्याला एका लिटरचे सांगते. नदीला मात्र दिवसाकाठी येणाऱ्या किलोंचा हिशेब सोसावा लागतो.

नदी किती सोसते, हे मोजण्याचे शास्त्र जुने आहे. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासावरून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी १९२५ मध्ये एक सूत्र मांडले. घाण पाण्यात पडल्यावर प्राणवायू किती वेगाने वापरला जातो आणि हवेतून तो किती वेगाने परत मिळतो, यांचा ताळा त्यात आहे. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. प्राणवायूची सर्वांत वाईट अवस्था घाण पडते त्या जागी येत नाही, ती खाली काही अंतरावर येते. म्हणजे एकाने टाकायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, ही नदीची रीतच आहे.

आपल्या कायदेकारांना हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मधील कलम १७(१)(के) राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कामांमध्ये एक काम स्पष्टपणे नमूद करते. एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्याच्या प्रक्रियेची मानके ठरविताना त्या प्रवाहात कोरड्या दिवसांत उपलब्ध असलेले किमान सौम्यीकरण आणि सांडपाणी मिसळल्यानंतरही पाण्यात चालू शकेल अशी प्रदूषणाची सहनमर्यादा लक्षात घ्यावी, असा त्याचा आशय आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर मर्यादा नदी पाहून ठरवावी. आणि तीही पावसाळ्यातली दुथडी नदी न पाहता उन्हाळ्यातली रोडावलेली नदी पाहून.

वालधुनीचे गणित

हे कलम वालधुनीला लावून पाहिले तर काय दिसते? २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. शहरी पाणीपुरवठ्याचे दरडोई १३५ लिटरचे मानक धरले आणि त्यातील ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानले, तर रोज सुमारे साडेपाच कोटी लिटर मैलापाणी होते. हे सर्व पाणी प्रक्रिया होऊन ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत आले, असे क्षणभर गृहीत धरू. स्नानयोग्य पाण्याची बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. वरून येणाऱ्या स्वच्छ पाण्याची बीओडी १ मिलिग्रॅम मानली, तर सांडपाण्याच्या प्रत्येक लिटरमागे साडेतेरा लिटर स्वच्छ पाणी हवे. म्हणजे एकूण सुमारे ७४ कोटी लिटर. सेकंदाला साडेआठ हजार लिटर.

उन्हाळ्यात वालधुनीकडे हे पाणी कोठून येणार? पावसाळा संपला की लहान डोंगरी नद्यांचा मूळ प्रवाह झिरपण्याइतकाच उरतो. पात्रात जे वाहताना दिसते, ते बहुतांश सांडपाणीच असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे मैलापाणी १० मिलिग्रॅमपर्यंत स्वच्छ केले, तरी लिटरमागे साडेतीन लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वादोन हजार लिटर स्वच्छ पाणी लागेल. उल्हासनगरचे सगळेच मैलापाणी वालधुनीत जात नाही, काही खेमाणी नाल्याकडून उल्हास नदीकडे जाते. शिवाय वाहता वाहता नदी स्वतःही काही घाण पचविते. या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही. देशभर एकच असलेले लिटरमागचे मानक या नदीला पुरे पडणारे नाही. वाटायची भाकरी लहान आहे, म्हणूनच ती कशी वाटायची, हा प्रश्न अधिक तीव्र आहे.

एक भाकरी, चार ताटे

वाटपाच्या पद्धती समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका नदीवर चार वाटेकरी आहेत. महापालिकेचा प्रक्रियेपूर्वीचा भार दिवसाला ६०० किलो, एका मोठ्या कारखान्याचा २०० किलो, लघुउद्योगांच्या सामायिक प्रक्रिया केंद्राचा १०० किलो आणि एका लहान नगरपरिषदेचा १०० किलो. एकूण १,००० किलो. नदी सोसते फक्त ३०० किलो.

पहिला मार्ग समान टक्केवारीचा. प्रत्येकाने ७० टक्के कपात करावी. मग महापालिकेला १८०, मोठ्या कारखान्याला ६० आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी ३० किलो सोडता येतील. ही पद्धत सर्वांत लोकप्रिय आहे, कारण ती कानाला न्याय्य वाटते. तिच्यात एक गोम आहे. कपात कशावरून मोजायची? आज सोडल्या जाणाऱ्या भारावरून मोजली, तर ज्याने स्वखर्चाने आधीच आपले पाणी स्वच्छ केले त्याला पुन्हा ७० टक्के कमी करावे लागतील, आणि ज्याने काहीच केले नाही त्याला पहिली, स्वस्त कपात करून सुटता येईल. प्रामाणिकपणाला दंड आणि आळसाला बक्षीस! म्हणून मोजणी प्रक्रियेपूर्वीच्या भारावरून व्हावी, असे जाणकार सांगतात.

दुसरा मार्ग समान वाट्याचा. चौघांना प्रत्येकी ७५ किलो. यात लहान वाटेकरी जवळजवळ अस्पर्श राहतात. नगरपरिषदेची कपात अवघी २५ टक्के, तर महापालिकेची साडेसत्त्याऐंशी टक्के. लाखो लोकांचे मैलापाणी आणि एका कारखान्याचे पाणी यांना एकच माप लावणे अनेकांना पटणार नाही.

तिसरा मार्ग समान तोट्याचा. सर्वांनी सारखेच किलो कमी करायचे. ७०० किलोंची कपात चौघांत विभागली तर प्रत्येकी १७५ किलो येते. परंतु दोघांकडे एकूण १०० किलोच आहेत. त्यांचा वाटा शून्य होतो आणि उरलेली कपात पुढच्यांवर पडते. हिशेब शेवटपर्यंत नेला तर मोठा कारखानाही शून्यावर येतो आणि सगळे ३०० किलो महापालिकेला मिळतात. शब्द सारखाच, 'समान'. पण वाट्याचा समानपणा लहानाला वाचवितो आणि तोट्याचा समानपणा त्याला संपवितो.

चौथा मार्ग फार जुना आहे. मयताची मालमत्ता देण्यापेक्षा कमी पडली तर ती धनकोंत कशी वाटावी, याची काही उदाहरणे ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात आहेत. त्यामागील गणिती सूत्र ऑमन आणि माश्लर यांनी १९८५ मध्ये उलगडून दाखविले. मालमत्ता एकूण दाव्यांच्या निम्म्याहून कमी असेल तर कोणालाही आपल्या दाव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त मिळत नाही, आणि त्या मर्यादेत सर्वांना सारखे वाटप होते. आपल्या उदाहरणात महापालिका व मोठा कारखाना यांना प्रत्येकी १०० आणि दोघा लहानांना प्रत्येकी ५० किलो मिळतील. तुटीचा न्याय हा प्रदूषणाच्या कितीतरी आधीपासून माणसाला पडलेला प्रश्न आहे, एवढे यावरून लक्षात यावे.

पाचवा मार्ग गरजेचा. माणशी किंवा उत्पादनाच्या नगामागे वाटा ठरवायचा. मैलापाणी ही निवडीची बाब नाही, माणूस आहे तेथे ते असणारच. उलट कारखान्याला प्रक्रिया बदलता येते, पाणी पुन्हा वापरता येते. म्हणून माणसांना आधी, असा युक्तिवाद होतो. त्यावर उद्योगाचे उत्तर असे, की त्याच माणसांची पोटे कारखान्यांवर चालतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पद्धत निवडणे हे म्हणूनच केवळ अभियंत्याचे काम राहत नाही.

किलो सारखा, परिणाम निराळा

या सर्व पद्धतींत एक गृहीत आहे, की कोठेही पडलेला एक किलो सारखाच. प्रत्यक्षात तसे नसते. अंबरनाथला पडलेली सेंद्रिय घाण विठ्ठलवाडीला पोहोचेपर्यंत थोडी तरी पचते. उल्हासनगरात पडलेली तशीच पुढे येते. बदलापूरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तेथील सांडपाणी मुख्यतः उल्हास नदीकडे जाते आणि त्याच नदीतून पुढे जांभूळ, शहाड, मोहने येथे लाखो लोकांच्या पिण्याचे पाणी उचलले जाते. पिण्याच्या पाण्याच्या उचलजागेच्या वर पडलेला किलो हा खाडीच्या तोंडाशी पडलेल्या किलोपेक्षा कितीतरी जड आहे.

अमेरिकेतील डेलावेअर नदीवर १९६० च्या दशकात नेमका हाच पेच पडला होता. अनेक राज्यांतून वाहणाऱ्या या नदीच्या खोऱ्यासाठी नेमलेल्या आयोगाने १९६७ मध्ये पाण्याच्या गुणवत्तेची मानके ठरविली. नंतर खाडीपट्ट्याचे विभाग पाडून प्रत्येक विभाग किती भार सोसेल ते काढले आणि त्या विभागातील सांडपाणी सोडणाऱ्यांना त्याचे वाटे नेमून दिले. एका विभागात सर्वांना सारखी टक्केवारी. विभागाविभागांत मात्र फरक. स्थानाचा विचार आणि समानतेचा विचार यांची ही तडजोड होती. पुढे १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याने ज्या नद्या एकसारख्या मानकांनीही सुधारत नाहीत, त्यांच्यासाठी एकूण कमाल दैनिक भार ठरविणे बंधनकारक केले. त्या एकूण भारातून नळावाटे सोडणाऱ्यांचे वाटे, शेतातून वा रस्त्यावरून वाहून येणाऱ्या घाणीचा वाटा आणि अंदाज चुकला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली सुरक्षेची शिल्लक, असे तीन भाग केले जातात.

या शिल्लकीला आपल्याकडे दुहेरी महत्त्व आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेली. आजच सगळी भाकरी वाटून टाकली, तर उद्या येणाऱ्या वस्तीला आणि नव्या कारखान्याला द्यायला काय उरणार?

ऋतू आणि पैसा

नदी वर्षभर सारखी नसते, मग वाटा तरी सारखा का असावा? ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात हंटर नदीकाठी कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रे खारे पाणी सोडत आणि शेतकऱ्यांशी त्यांचा झगडा चाले. तेथे १९९५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर एक योजना सुरू झाली आणि २००२ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. नदीला पाणी कमी असेल तेव्हा खारे पाणी सोडण्यास पूर्ण बंदी. पाणी भरपूर असेल तेव्हा नदी किती क्षार सोसेल ते मोजून तेवढ्याचे एकूण १,००० हिस्से मानायचे आणि ज्याच्याकडे जितके हिस्से, तितके त्याने सोडायचे. हिस्से एकमेकांना विकता येतात.

मोसमी पावसाच्या प्रदेशात ही कल्पना मोहक वाटते. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. पहिल्या सरीबरोबर साठविलेले सांडपाणी सोडून देण्याची तक्रार आपल्याकडच्या नदीकाठांना नवी नाही. हंटरची पद्धत चालली ती सततच्या मोजमापामुळे. मोजमापाविना तीच पद्धत ही चोरीला दिलेली परवानगी ठरेल.

हिस्से विकता येण्यामागील तर्क खर्चाचा आहे. एकाला एक किलो घाण कमी करायला थोडा खर्च येतो, दुसऱ्याला फार. स्वस्तात करू शकणाऱ्याने जास्त करावे आणि इतरांनी त्याला मोबदला द्यावा, तर समाजाचा एकूण खर्च वाचतो. परंतु अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९८१ मध्ये फॉक्स नदीवर अशी मुभा दिली, तेव्हा पुढील अनेक वर्षांत व्यवहार झाला तो जेमतेम एक. वाटेकरी थोडे, अटी अनेक आणि उद्या आपल्यालाच हिस्सा कमी पडेल ही भीती, यामुळे बाजार भरलाच नाही.

जर्मनीतील रूर खोऱ्याने वेगळी वाट धरली. कोळसा आणि पोलादाच्या या प्रदेशात एमशर नदीसाठी १८९९ मध्ये आणि रूर नदीसाठी १९१३ मध्ये कायद्याने सहकारी संघ स्थापन झाले. नगरे आणि कारखाने त्यांचे सक्तीचे सभासद. प्रक्रिया संघाने करायची आणि प्रत्येक सभासदाने आपल्या भाराच्या प्रमाणात वर्गणी भरायची. येथे वाटप मर्यादेचे न होता खर्चाचे होते. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला ही पद्धत परकी वाटू नये. आपली सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रेही त्याच कल्पनेवर उभी आहेत. फरक इतकाच, की ती कारखान्यांपुरती आहेत. नदीच्या सर्व वाटेकऱ्यांना एका पंगतीत बसविणारी संस्था अजून नाही.

ज्याचे वाटे होत नाहीत

येथे एक मर्यादा स्पष्ट करायला हवी. नदी सेंद्रिय घाण पचविते, म्हणून तिची सहनशक्ती वाटता येते. पारा, क्रोमियम, सायनाइड यांसारख्या विषांचे तसे नाही. जड धातू नदी पचवीत नाही. ती ते गाळात साठविते आणि माशांवाटे परत करते. विषाचे वाटे होत नाहीत. ते उगमातच अडवावे लागते.

त्याचप्रमाणे ज्याचे नाव यादीतच नाही, त्यालाही वाटा देता येत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत टँकरमधून रासायनिक द्रव्य सोडले गेले आणि त्यातून निघालेल्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण होऊन रुग्णालयात जावे लागले. झोपेत असलेल्या त्या माणसांचा नदीच्या कोणत्याही वाटपात हिस्सा नव्हता. जो वाटेकरी रात्री येतो आणि सकाळी दिसत नाही, तो इतर सर्वांच्या मर्यादा निरर्थक करून जातो. म्हणून वाटपाची पहिली पायरी म्हणजे पूर्ण नोंदवही: कोण, कोठे, किती पाणी, किती भार.

दंडाचे वाटप झाले, मर्यादेचे नाही

उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबाबत 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. जुलै २०१५ मध्ये न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने परिसरातील स्थानिक संस्था आणि सामायिक प्रक्रिया केंद्रे यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची रक्कम बसविली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच आपल्या कायद्याचा भाग मानले आहे. त्या दृष्टीने हा आदेश महत्त्वाचा होता. तरीही त्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. हानी झाल्यानंतर तिचे वाटप झाले. हानी होऊ नये म्हणून आधी मर्यादेचे वाटप व्हायला हवे होते, ते झालेले नव्हते.

मधल्या काळात राज्याने दुसरा एक उपाय करून पाहिला. नदीपासून ठरावीक अंतरात कोणते उद्योग चालतील, हे सांगणारे नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये आले, २००९ मध्ये सुधारले गेले आणि २०१५ मध्ये रद्द झाले. अंतराचा नियम सोपा खरा; परंतु दोन किलोमीटरवरचा कारखाना नाल्यावाटे तीच घाण नदीत आणू शकतो, याचे उत्तर त्यात नव्हते. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगाई उद्योगाबाबत तर सर्वांना एकच वाटा मिळाला, शून्य. नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये शून्य विसर्ग न साधणारे कारखाने बंद करण्यास सांगितले. नदीच्या बाजूने पाहता हा नियम निःसंदिग्ध होता. मात्र महागडी यंत्रणा उभारण्याची ऐपत मोठ्याची आणि लहानाची सारखी नसते. नियम एक असला तरी भार एक नसतो, हा धडा उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या छोट्या कारखान्यांनाही लागू आहे. त्यांना नदीत घाण सोडू देणे अयोग्यच. पण सामायिक सोय नसताना केवळ टाळे ठोकले, तर तोच व्यवसाय शेजारच्या गावात, दुसऱ्या नाल्याकाठी सुरू होण्याची भीती असते.

समन्याय पाण्याला आहे, घाणीला का नको?

नदीच्या वाटपाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. धुळे-नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शेतकरी शतकानुशतके पाणी वाटून घेत आले. पाणी कमी पडले तर कोणते फड भिजवायचे, हे मिळून ठरे आणि पाटकऱ्याचा शब्द चाले. त्याच विचाराला २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने कायद्याचे रूप दिले. टंचाईच्या काळात खोऱ्यातील धरणांत समन्यायी वाटप व्हावे, या तरतुदीवरूनच नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यातील जायकवाडीचा वाद लढला गेला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायाचे तत्त्व उचलून धरले.

वरच्याने किती घ्यावे याचा समन्याय आपण मानला. वरच्याने किती टाकावे याचा अजून मानलेला नाही. वास्तविक या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. पाणी अडविल्याने खालच्याची जितकी हानी होते, तितकीच ते नासविल्यानेही होते.

वालधुनीसाठी कोणती पद्धत योग्य, याचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. परंतु वरील अनुभवांवरून एक क्रम सुचतो. आधी विषारी द्रव्यांना शून्य वाटा. मग सर्व वाटेकऱ्यांची, अधिकृत आणि अनधिकृत, नोंद. त्यानंतर मे महिन्यातील प्रवाह मोजून नदीचा एकूण भार ठरविणे आणि त्यातून उद्यासाठी व चुकीसाठी शिल्लक बाजूला काढणे. उरलेला भार नदीचे टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्यात प्रक्रियेपूर्वीच्या भारावरून समान टक्केवारीने वाटणे. लहानांना सवलत द्यायची ती घाण सोडण्याची न देता, खर्चाची आणि सामायिक सोयीची द्यावी. मोजमापाचे साधन आज दुर्मीळ राहिलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच अतिप्रदूषक उद्योगांना आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांना सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. मात्र घनतेबरोबर प्रवाहही मोजला आणि तो लोकांना दिसेल असा जाहीर केला, तरच किलोंचा हिशेब लागतो.

या क्रमाने वालधुनी उद्याच निर्मळ होईल, असे नव्हे. नदीचा वाटा इतका लहान आहे, की महापालिकेपासून कारखान्यापर्यंत प्रत्येकाला आजच्यापेक्षा कितीतरी कमी सोडावे लागेल आणि बरेच पाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरावे लागेल. परंतु निदान एकमेकांकडे बोट दाखविण्याचा खेळ थांबेल. आजवर नागरिक विचारत आले, 'तुमचे पाणी मानकात आहे का?' आणि उत्तर पुष्कळदा 'होय' असेच मिळत आले. विठ्ठलवाडीच्या रहिवाशाने आता विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: या नदीला दिवसाला एकूण किती किलो सोसतात, आणि त्यातले तुमचे किती? या दोन आकड्यांचे उत्तर ज्या दिवशी मिळेल, त्या दिवशी वाटणीला खरी सुरुवात होईल.